मातीची मेंढरं

शिरूर
८ जानेवारी २०२४

गिताकाकी,

नमस्कार करते. मी अंकिता, तुमच्या भिमाची बायको. लग्नात एकदा आणि माऊलीच्या बारशाला पाठमोऱ्या, इतकीच आपली ओळख. बारशाला मी आत बाळाला पाजत होते, बाहेर आवाज चढले, आणि मी पदर सावरून येईपर्यंत तुम्ही जिना उतरून गेला होतात. काय झालं ते हे आजवर सांगत नाहीत. विचारलं की त्यांना शिफ्टला उशीर होतो. रविवारीसुद्धा.

फोनच केला असता, पण तुम्हाला आता अजिबात ऐकू येत नाही असं कळलं. शिवाय आमचा फोन सध्या पिठाच्या डब्यात असतो. त्याचं कारण लिहायलाच हे पत्र.

माऊली पावणेतीन वर्षांचा झाला आणि एक शब्द बोलत नाही. आई नाही, पाणी नाही. हाक मारली तर वळतसुद्धा नाही. पुण्याला नेऊन कान तपासले, ते चांगले आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी मोबाइल बंद करा आणि त्याच्या हातांना काम द्या. माती, कणीक, रंग, दोरा, काहीही. शेजारी बसा, बोलत राहा. जूनपर्यंत फरक पडला नाही तर पुढच्या तपासण्या. काकी, मला त्या जूनची भीती वाटते. सासरे असते तर त्यांना विचारलं असतं. आता घरात मोठं माणूस कोणी नाही.

मी बसले त्याच्याजवळ. कणकेत मीठ-हळद घालून गोळा दिला, त्यानं तो खाल्ला. बीट घालून दिला, तोही खाल्ला. चमकीचे कागद आणि डिंकाच्या नळ्या आणल्या, तर नळी फरशीवर पिळली आणि मी तिच्यावरून सटकले. तेव्हा हसला मात्र.

मग परवा यांच्या जुन्या ट्रंकेत एक मेंढरू सापडलं. भाजलेल्या मातीचं, बोटभर, अंगाला खरी लोकर चिकटवलेली. माऊलीनं ते अर्धा दिवस मुठीतून सोडलं नाही. हे आले, म्हणाले, "काकीनं केलंय," आणि काढून घेऊन ट्रंकेत टाकलं. पोर रडलं तरी.

तुम्हाला मूल नव्हतं आणि यांना तुम्हीच वाढवलं, एवढं मला सांगितलेलं आहे. लहान पोराच्या हाताला तुम्ही काय काय देत होतात, ते लिहून कळवाल का? उत्तर आमच्या खालच्या मोनालीच्या पत्त्यावर पाठवा. ती शिवणकाम करते, आणि पोटात गोष्ट ठेवते. यांना मी सांगितलेलं नाही.

तुमची सून म्हणवून घ्यायला आवडेल अशी,
अंकिता


दौंड
१९ जानेवारी

पोरी अंकिता,

पोस्टमननं पाकीट दिलं तवा मला वाटलं लाइटबिल. उघडलं न् खाली बसले. मी चौथी शिकलेली, चुका काढत बसू नको.

मला मूल नव्हतं असं सांगितलं का त्यानं. बरं. त्याचं तो जाणे.

माझा बिरदेव आणि तुझा भिमा एकाच महिन्यातले. भिमाची आई बाळंतपणातच गेली, तवा माझ्या जावेचं ते लेकरू मी माझ्या लेकराबरोबर अंगावर पाजलं. एक इकडं, एक तिकडं. दोघं रांगायला लागले तशी माझी दैना झाली. एक चुलीकडं जायचा, दुसरा मेंढरात. मग हाताला काम द्यायला शिकले.

चिंचोके भाज, साल काढ, भिजव, वाट आणि पाण्यात घोटून शिजव. ही झाली खळ. घोंगडीला हीच लावतात. पोरानं चाटली तरी काही होत नाही, तुझ्या त्या नळ्या फेकून दे. लोकर पिंजून कोमट पाण्यात साबणाच्या हातानं वळायची. पाव तास वळली की चेंडू घट्ट होतो, सुटत नाही. भेंडीचं देठ कापून रंगात बुडव आणि कागदावर दाब, फूल उठतं. माती नदीच्या गाळाची घे. चाळून दोन दिवस भिजत ठेव.

आणि पोराला शिकवायचं नाही. आपण शेजारी बसून आपलं करायचं. बोलायचं ते हातातल्या मेंढराशी. काय गं, तहान लागली का, असं. पोर ऐकत असतं.

मेंढरं दोघंही करतात, पण बिरदेवला कान जमत नाहीत. दोन्ही एकाच बाजूला लावतो. भिमाला चारी पाय सारखे लागतात, नाहीतर मोडून टाकतो. अजून तसाच आहे का?

आमच्या वस्तीवरचे सोपानराव शिरूरच्या मार्केट यार्डात येतात. त्यांच्याबरोबर लोकर आणि चिंचोके धाडते.

माऊलीच्या तोंडावरून हात फिरव. माझा म्हणून.

गिताबाई


शिरूर
४ फेब्रुवारी

काकी,

सामान मिळालं. चिंचोके मी कुकरला लावले, कारण लावू नको असं तुम्ही लिहिलं नव्हतं. शिट्टीतून खळ उडाली ती अजून छताला आहे. दुसऱ्या खेपेला जमली. लोकरीचा वास घरभर सुटला तेव्हा मोनाली नाकाला पदर लावून म्हणाली, "मेंढरं पाळली का काय वर?" म्हटलं, अजून नाही. मला माहेरी यातलं काहीच कुणी शिकवलं नाही. आमची मेंढरं आजोबांबरोबर गेली, मागे कांदा राहिला.

साबणात हात घालायला मिळतात हे कळल्यावर माऊली आपणहून येऊन बसला. तीन चेंडू झाले. भेंडीची फुलं आम्ही कागदावर, मग भिंतीवर आणि शेवटी यांच्या कंपनीच्या डब्यावर उठवली. कुणी दिली ही आयडिया, असं यांनी विचारलं. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी.

आता खरी गोष्ट. काल दुपारी माऊली माझ्याकडे पाठ करून चेंडू वळत होता. मी तुमचं पत्र पुन्हा काढून मोठ्यानं वाचत होते, तेवढंच त्याच्या कानावर शब्द पडावेत म्हणून. "पण बिरदेवला कान जमत नाहीत," एवढं वाचलं आणि माऊली वळला.

काकी, अडीच वर्षं मी माऊली, माऊली करून घसा बसवला आहे. ताटल्या वाजवल्या आहेत. ते पोर कधी वळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, बिरदेव. त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी घाईघाईनं इतर नावं घेऊन पाहिली. सत्यजीत म्हटलं, सावळाराम म्हटलं, काही नाही. परत बिरदेव म्हटलं आणि परत वळला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी मला इतका आनंद झाला की मी त्याला साबणासकट उचलून घेतलं.

बिरदेव म्हणजे यांचे चुलतभाऊ ना? हे त्यांचं नावही काढत नाहीत. दोघांचं काही बिनसलंय का? कुठे असतात ते हल्ली? मुलंबाळं आहेत? आणि हे नाव माझ्या पोराला कुठून माहीत?

अंकिता


दौंड
१३ फेब्रुवारी

अंकिता,

तुझं पत्र चार दिवस उशाशी होतं. आज लिहिते.

बिरदेव इथंच असतो, नदीकडं. फार बोलत नाही.

नाव आपल्या देवाचं आहे, त्याला भ्यायचं काय? लेकरू त्या नावानं वळतंय तर त्या नावानं हाक मार. वळल्याशी कारण. भिमाला सांगायची गरज नाही. त्याला हे नाव चालत नाही. बारशाला तेवढ्यावरूनच मला परत लावलं.

रंगामातीत पोराचे कपडे खराब होतात. सोपानरावांजवळ एक लाल सदरा दिलाय, तो वरून घालत जा. मोठा होईल, बाह्या दुमड. एक कर, तो धुऊ नको. माझ्यासाठी एवढं कर.

आणि तो काय काय करतो ते मला लिही. सगळं लिही. कसा बसतो, कुठल्या हातानं धरतो.

गिताबाई


शिरूर
२ मार्च

काकी,

मी हाक मारते. यांची पहिली शिफ्ट असली की सहाला हे घराबाहेर पडतात, आणि मग दिवसभर आमच्या घरात बिरदेव असतो. बिरदेव, चेंडू आण. आणतो. बिरदेव, मेंढरू दाखव. बोट करतो. डावा हात पुढे येतो त्याचा, तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते. सदरा गुडघ्यापर्यंत येतो. तो अंगात घातला की शहाण्यासारखा मांडी घालून बसतो. आणि काकी, काल तो "बि" म्हणाला. दोनदा. मी दारात जाऊन रडून आले.

हे आनंदाचं पत्र म्हणून लिहायला घेतलं होतं. पण पुढचंही लिहायलाच हवं.

घोडनदीचा गाळ आणून, चाळून, तुम्ही सांगितला तसा भिजवला. मी माझं मेंढरू करत होते. कान बरोबर दोन बाजूंना दोन. त्याचं झालं तेव्हा पाहिलं तर दोन्ही कान एकाच बाजूला. म्हटलं, लहान आहे, होतं असं. दुसरं केलं, तसंच. मी एक कान काढून पलीकडे लावला, तर त्यानं तो उपटून परत जागेवर आणला.

मग ती मेंढरं घेऊन तो मोरीत जातो आणि बादलीत सोडतो. ओली माती, विरघळून जाते. तो रडत नाही. काठाला धरून पाण्यात बघत उभा राहतो. पाणी गढूळ होतं, मग खाली बसतं, तरी बघतो. उचलून आणलं तर पुन्हा जातो. रोज हेच.

सदरा धुतलेला नाही. त्याला एक वास येतो, गाळाचा. मी म्हणते माझ्याच हाताचा असेल. पण गाळ घरात आणलाही नव्हता तेव्हापासून तो वास येतोय.

परवा हाक मारली आणि माझाच आवाज मला परका वाटला. घरात कुणीतरी आहे आणि मी त्याला बोलावते आहे, असं वाटलं. मी येडी झाले का सांगा. आणि बिरदेवभाऊजींना एकदा घेऊन या. ते बोलत नसले तरी चालेल, आमच्याकडे त्याची सवय आहे.

अंकिता


शिरूर
१८ मार्च

गिताबाई,

आज काकी लिहवत नाही.

गेल्या मंगळवारी कंपनीत लाइट गेली म्हणून हे अकरालाच परत आले. मला पत्ता नव्हता. मी ओट्याशी होते, माऊली बाहेरच्या खोलीत मातीत बसलेला. मी नेहमीसारखी हाक मारली, "बिरदेव, आण बाळा तुझं मेंढरू."

दारातून उत्तर आलं, "ओ."

आवाज यांचा होता आणि यांचा नव्हता. लहान पोराचा होता. मी हातातलं भांडं टाकून बाहेर आले तर हे उंबऱ्यात उभे. स्वतःच दचकलेले. मग त्यांनी माऊलीच्या अंगातला सदरा पाहिला आणि तिथेच खाली बसले. पायातले बूट काढले, परत घातले, परत काढले.

"ह्यो कुणी दिला?" म्हणाले.

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, पत्रांसकट.

"बिरदेव न्हाई अंकिता," म्हणाले. "आमी पाच वर्साचं व्हतो तवाच बुडाला. त्याच्या अंगातला सदरा हाय ह्यो. त्यो मरताना ह्योच व्हता. मंग काढला न् वाळवला न् माझ्या अंगात घातला."

हे बोलत राहिले, खाली फरशीकडे बघत.

"चार म्हयनं मी बिरदेव व्हतो. लोकं इचारायची, भिमा कुठं हाय? काकी म्हणायची, भिमा ग्येला. मी तिथंच उभा असायचो गं. तिच्या पदराला धरून."

एवढं बोलले ते शेवटचं. तेव्हापासून शिफ्टला जातात, येतात, जेवतात, ताट उचलतात. माऊलीचं "बि" गेलं. वळणं गेलं. माती त्याच्यापुढे ठेवली तर हात मागे घेतो. मला एका न बोलणाऱ्या माणसाची काळजी होती, आता घरात दोन झाले.

मेलेल्या लेकराचा सदरा मी माझ्या पोराला घातला. माझ्या हातानं बाह्या दुमडल्या. तो इथंच असतो, फार बोलत नाही, असं तुम्ही मला लिहिलंत. मी तुमच्याकडे माझं पोर बोलतं व्हावं म्हणून आले होते आणि तुम्ही माझ्या पोराला काय करायला निघाला होतात, ते मला सरळ लिहा. लिहायचं नसेल तर पुन्हा पत्र पाठवू नका.

अंकिता


दौंड
२६ मार्च

अंकिता,

सरळ लिहिते. हे भिमाला वाचून दाखव. त्याच्यासमोर सांगायचं माझ्याच्यानं कधी झालं नाही.

मेंढरं कातरायच्या आधी नदीवर नेऊन धुतात. तो धुवायचा दिवस होता. मेंढरांची मोठी खांडवं घेऊन हौसराव, म्हणजे तुझे सासरे, आणि आमचे मालक कोकणात गेलेले. घरी राहिलेली पन्नासेक मेंढरं मी आणि सासूबाई धूत होतो. दोघं पोरं काठावर मातीची मेंढरं करत बसलेली. मी कमरेइतक्या पाण्यात, हातात मेंढी, पाठ काठाकडं. माझा बिरदेव आपली मेंढरं धुवायला पाण्यात आला. आई धुते तशी. पलीकडच्या अंगानं आला, तिथं वाळू उपसून डोह झाला होता. भिमा ओरडत होता. मेंढरांच्या गलक्यात मला ऐकू आलं नाही. तवा माझे कान चांगले होते.

त्याला वर काढून काठावर निजवलं. लोक जमले. मी तोंड पाहिलं. आई ओळखत नाही असं होत नाही, मी ओळखलं. आणि म्हणाले, "ह्यो माझा न्हाई. ह्यो भिमा हाय. भिमा ग्येला."

भिमा माझ्या समोर उभा होता. माझ्याकडं बघत होता. त्याच्या देखत मी त्याला मारलं.

लोकांना वाटलं दुःखानं डोकं फिरलं, बोलू नका तिला. मी पाणी घेईना. मग सासूबाईंनी, धुरपदाबाईंनी, एक केलं. तू धनगराची आहेस पण तुझ्या घरी मेंढरं राहिली नाहीत, म्हणून सांगते. मेंढीचं कोकरू मेलं की ती दुसरं कोकरू जवळ करत नाही, लाथा मारते. तवा मेलेल्या कोकराचं कातडं काढून पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधतात. मेंढी वास घेते, आपलंच समजते आणि पाजते. सासूबाईंनी हे जन्मभर केलेलं. त्यांनी बिरदेवचा सदरा वाळवून भिमाच्या अंगात घातला आणि त्याला माझ्यापुढं आणून बसवलं. मी जवळ घेतलं.

चार दिवसांनी ते कातडं सोडायचं असतं. पोरी, मी तीस वर्षं सोडलं नाही. अक्षयतृतीयेला हौसराव परत आले, त्यांनी पोराला उचललं आणि म्हणाले, "ह्यो माझा भिमा हाय. येड लागलं का समद्यांना?" त्यांनी त्याला शाळेत त्याच्या नावानं घातलं. पण घरात, दोघंच असलो की, मी बिरदेव म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. तो नोकरीला लागेपर्यंत.

तुझं पोर त्या नावाला वळलं हे वाचलं आणि मला वाटलं, आला. परत आला. मग मी तुझा विचार केला नाही. तुझ्या लेकराचाही केला नाही. सदरा घालून बघावा असं वाटलं आणि मी पाठवला. हे खरं आहे.

सदरा काढ. मला परत नको. माफी कुठल्या तोंडानं मागू.

गिता


शिरूर
५ एप्रिल

काकी,

तुमचं पत्र अंकितानं वाचून दाखवलं. उत्तर मी लिहितो म्हटलं. याआधी पत्र लिहिलं ते दहावीच्या परीक्षेत, काल्पनिक मामाला, सहलीला पैसे मागायला. त्यामुळे सांभाळून घ्या.

तुम्ही लिहिलं ते सगळं बरोबर आहे, पण एक राहिलं. ते तुम्हाला आठवत नसेल किंवा तुम्ही माझ्यासाठी गाळलं असेल. आजीनं सदरा घालून मला तुमच्यापुढं बसवलं, तेव्हा तुम्ही लगेच जवळ घेतलं नाही. तुम्ही माझी हनुवटी धरली आणि विचारलंत, "तू कोण रं?" आणि मी म्हणालो, "बिरदेव."

मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन दिवस तुम्ही पाणी घेतलं नव्हतं, आजी रडत होती, आणि मला वाटलं भिमा म्हटलं तर तुम्ही पण मराल. मी बिरदेव म्हणालो आणि तुम्ही पाणी प्यालात. तांब्याभर, एका दमात. मी तेवढ्याला खूश झालो. मग कळायला लागलं तसं वाटायला लागलं की मी त्याचं नाव चोरलं. तो बुडत होता तेव्हा मी नुसता ओरडलो आणि नंतर त्याची आई पण घेतली. तुम्ही हाक मारली की मला ते आठवायचं. म्हणून मी शिरूरला आलो आणि परत फिरकलो नाही. बारशाला तुम्ही तेच नाव मागितलं, मला वाटलं आता माझ्या पोराकडून वसूल करताय. मी तुम्हाला जिन्यावरून परत लावलं. त्याचं मला वाईट वाटतं. तेव्हाही वाटलं होतं.

माऊली त्या नावाला का वळला, तेही माझंच काम आहे. तो तान्हा होता तेव्हापासून त्याला आंघोळ मी घालतो. मोरीचं दार लावून मी त्याला बिरदेवच्या गोष्टी सांगायचो. नदीची, डोहाची, पाण्यात नेलेल्या मेंढरांची, सगळी. हा बोलत नाही, तेव्हा कुणाला सांगणार नाही, असं वाटायचं. कधीकधी मी त्यालाच बिरदेव म्हणायचो. माझं पोर का बोलत नाही म्हणून अंकिता डॉक्टरांचे उंबरे झिजवत होती आणि मी आत त्याला हे ऐकवत होतो. तिला सांगितलं तेव्हा ती एक दिवस माझ्याशी बोलली नाही. ते रास्त होतं.

कानांचं मात्र मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. ते मी विसरलोच होतो. अंकिताला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, गप बसा.

सदरा आम्ही धुतला. दोन पाण्यांतून काढला आणि घडी करून ठेवला आहे. जाळवला नाही.

आता नवीन. तुम्हाला ठाऊक आहे आपल्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, उखाण्यात घेते तेवढंच. अंकितानं दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक मारली, "भिमा, चहा." मला कळेना कुणाला बोलावते आहे. मग दिवसभर. भिमा, गॅस बंद कर. भिमा, टॉवेल उचल. मोनाली वर येऊन विचारून गेली, भांडण झालंय का? अंकिता म्हणाली, ज्या नावाला तीस वर्षं कुणी लाडानं हाक मारली नाही, ते आता मी वापरून गुळगुळीत करणार. पहिले चार दिवस मला ओ देताच येईना. तोंड उघडायचं आणि आवाज निघायचा नाही.

परवा दुपारी आम्ही तिघं माती घेऊन बसलो. माऊली उघडाच होता. मी एक मेंढरू केलं, पाय वाकडेतिकडे झाले, तसेच ठेवले. अंकिता मेंढराशी काहीतरी बोलत होती. माऊलीनं हात पुसले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "भिमा."

स्पष्ट. त्याचा पहिला पुरा शब्द. मी म्हटलं, ओ. त्यानं परत म्हटलं, मी परत ओ दिली. अंकिता रडत होती आणि हसत होती, बापाला नावानं हाक मारतोय मेला, म्हणत होती.

मग तो दुसरीकडं वळला, खिडकीकडं, आणि म्हणाला, "बिरदेव."

ओ माझ्या घशापर्यंत आली होती. मी ती दिली नाही. ते माझं नाव नव्हतं. माऊली थांबला, कान देऊन ऐकल्यासारखा, आणि त्यानं परत हाक मारली. आम्ही तिघांनी वाट पाहिली. खालून मोनालीचं मशीन ऐकू येत होतं. दुसरं काही नाही.

काकी, तीस वर्षांत बिरदेव गेला असं मला एकदाही वाटलं नव्हतं. त्याच्या नावाला मी ओ देत होतो, मग तो जाईल कसा. त्या दुपारी कुणी ओ दिली नाही आणि तो गेला. मी अंकिताच्या मांडीवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. माऊली माझ्या केसांतून मातीचे हात फिरवत होता.

रविवारी सकाळच्या एस्टीनं आम्ही तिघं दौंडला येतोय. मला वाटतं, तुम्हीही त्याच्यासाठी अजून रडला नाहीत. आपण बसू.

भिमा